इंजिनाचा लगाम

इतिहासावरचे व्याख्यान म्हटले की श्रोत्यांना गड, तह आणि लढाया यांची अपेक्षा असते, आणि ती रास्तच आहे. परंतु राजांच्या इतिहासाबरोबर यंत्रांचाही इतिहास असतो; आणि ज्यांचे आयुष्य यंत्रांच्या सोबतीत गेले, त्यांच्या पोटापाण्याशी या दुसऱ्या इतिहासाचा संबंध अधिक जवळचा असतो. आमची शाळा लवकर सुटली. पुढचे शिक्षण झाले ते इंजिनघरात, युनियनच्या कचेरीत आणि गावोगावच्या वाचनालयांत. तेव्हा पंडितांचा इतिहास आम्हांला सांगता येणार नाही. आज आम्ही एका लहानशा अवयवाचा इतिहास सांगणार आहोत. हा अवयव तळहातावर मावेल एवढा असतो. तो इंजिनाच्या पोटात किंवा झाकणाखाली दडलेला असतो, आणि बिघडेपर्यंत त्याची कोणाला आठवणही होत नाही. त्याचे नाव गव्हर्नर.

निमित्त अगदी साधे आहे. हिरवळ कापण्याच्या यंत्राचे इंजिन फार जोरात पळू लागले तर काय करावे, असा प्रश्न कारागिरांना नेहमी विचारला जातो. परभणी जिल्ह्यातल्या सेलू तालुक्यात वालूर हे गाव आहे. तिथल्या शिवारात असे यंत्र शोधायला निघालेला मनुष्य हात हलवत परत येईल. वालूरची ख्याती हिरवळीची नाही. ती जुन्या बारवांची आहे, आणि त्यांतही चक्राकार उतरत जाणाऱ्या पायऱ्यांच्या बारवेची. गावकऱ्यांनी अलीकडच्या वर्षांत गाळ आणि झुडपे काढून या बारवा पुन्हा मोकळ्या केल्या, ही गोष्ट अभिमानाने सांगण्यासारखी आहे. मग वालूरला हिरवळीच्या यंत्राशी काय कर्तव्य? कर्तव्य असे की, त्या यंत्राला जे दुखणे होते तेच विहिरीवरच्या डिझेल इंजिनाला होते, मळणीयंत्राच्या इंजिनाला होते आणि लहान जनरेटरलाही होते. दुखणे एकच, घरे निराळी.

हे दुखणे समजायचे तर आधी इंजिन नव्हते तेव्हाची स्थिती पाहावी. बारवेचे पाणी पायऱ्या उतरून डोक्यावर आणायचे, आणि शेताचे पाणी विहिरीवरच्या मोटेने काढायचे, अशी आपल्याकडची शेकडो वर्षांची रीत. मोटेचे बैल धावेवरून उतरताना भरलेली मोट वर येते. ती थारोळ्यात रिकामी झाली की भार संपतो. आता पाहा, भार संपला म्हणून बैल चौखूर उधळत नाहीत. ते थांबतात, मान हलवतात आणि मोटकऱ्याच्या हाकेची वाट पाहतात. थकले तर पाय ओढतात, आणि फारच थकले तर खाली बसतात. म्हणजे बैलाच्या अंगातच त्याचा लगाम आहे. माणसाचेही तसेच. दमलेला माणूस आपोआप हळू होतो.

इंजिनाला हे ज्ञान नाही. त्याला वाफ किंवा तेल मिळत राहिले की ते जोर करीत राहते. पट्ट्यावर भार असेल तोवर तो जोर कामात खर्ची पडतो. पट्टा निसटला, पंपाने पाणी सोडले किंवा पात्याखालचे दाट गवत संपले की तोच जोर नुसता वेग वाढवण्यात जातो. वेगाबरोबर आतल्या भागांवरचा ताणही वाढतो, आणि तो वेगाच्या वर्गाने वाढतो. वेग एक दशांश वाढला तर ताण एक पंचमांशाहून अधिक वाढतो. वेग दुप्पट झाला तर ताण चौपट होतो. पूर्वीच्या वाफेच्या कारखान्यांत गव्हर्नरचा पट्टा तुटून इंजिन सुटले म्हणजे ओतीव लोखंडाची प्रचंड फ्लायव्हील फुटत आणि त्यांचे तुकडे भिंती फोडून बाहेर पडत. म्हणून, ज्या दिवशी माणसाने बैल सोडून इंजिन जोडले, त्या दिवसापासून त्याला एक निराळा लगाम शोधणे भाग पडले.

तो शोध वाफेच्या इंजिनापासून सुरू झाला नाही, हे विशेष. तो पवनचक्कीत लागला. युरोपातल्या पवनचक्क्यांवर धान्य दळले जाई. वारा वाढला की वरची तळी वेगाने फिरे आणि दोन तळ्यांमधले अंतर बिघडे. यावर चक्कीवाल्यांनी युक्ती काढली. फिरत्या दांड्यावर दोन गोळे टांगले. वेग वाढला की गोळे बाहेर फेकले जात, आणि त्यांच्या ओढीने तळ्यांमधले अंतर आपोआप सांभाळले जाई. इंग्लंडात टॉमस मीड याने १७८७ साली अशा रचनेचे पेटंट घेतले. गोफण फिरवणाऱ्या आपल्या राखणदाराला हे तत्त्व शिकवावे लागत नाही. हात जितका जोरात फिरेल तितका दगड बाहेर ओढ घेतो, हे त्याचे रोजचे ज्ञान आहे.

त्याच सुमारास लंडनमध्ये थेम्स नदीकाठी ॲल्बियन मिल ही वाफेवर चालणारी पिठाची गिरणी उभी राहिली होती. तिची इंजिने जेम्स वॅट आणि मॅथ्यू बोल्टन यांच्या कारखान्याची. १७८८ साली बोल्टनने तिथे हे फिरते गोळे पाहिले आणि वॅटला कळवले. वॅटने त्यांना नवे काम दिले. गोळे बाहेर फेकले गेले की एका दांडीने वाफेची झडप थोडी मिटावी, आणि आत आले की ती थोडी उघडावी. वेग वाढला की वाफ कमी, वेग घटला की वाफ जास्त. इंजिनाने स्वतःच्याच वेगाची खबर घेऊन स्वतःला आवरावे, अशी ही योजना. वॅटने या गव्हर्नरचे पेटंट घेतले नाही. मूळ कल्पना गिरणीवाल्या कारागिरांची होती, आणि त्या कारागिरांपैकी बहुतेकांची नावे इतिहासात राहिलेली नाहीत. शोधाचे श्रेय कोणाच्या नावावर चढते आणि कोणाच्या नावावर चढत नाही, हा प्रश्न कामगारांना नवा नाही. ॲल्बियन मिल स्वतः १७९१ साली जळून गेली; गोळे मात्र जगभर फिरत राहिले.

पुढची पाऊणशे वर्षे कारागीर अनुभवानेच गव्हर्नर बांधत होते. पण एक विचित्र दुखणे दिसू लागले. काही गव्हर्नर वेग आवरण्याऐवजी इंजिनाला झोके देऊ लागले. वेग वर जाई, खाली येई, पुन्हा वर जाई, आणि स्थिर म्हणून होईच ना. १८६८ साली जेम्स क्लार्क मॅक्सवेल या शास्त्रज्ञाने गव्हर्नरवर एक निबंध लिहून या दुखण्याचे गणित मांडले. यंत्राच्या वेगाला धक्का बसला तर चारच गोष्टी संभवतात, असे त्याने दाखवले. तो फरक सतत वाढत जाईल, किंवा सतत कमी होत जाईल. किंवा झोके वाढत जातील, किंवा झोके कमी होत जातील. चांगल्या गव्हर्नरमध्ये दुसरी आणि चौथीच गोष्ट घडली पाहिजे. पुढे नॉर्बर्ट वीनर या अमेरिकन गणितज्ञाने १९४८ साली नियंत्रणाच्या नव्या शास्त्राला नाव दिले, ते सुकाणू धरणाऱ्या नावाड्याच्या ग्रीक शब्दावरून. गव्हर्नर हा शब्दही लॅटिनमधून त्याच नावाड्यापाशी पोचतो. राज्यपालाला आणि इंजिनातल्या वजनांना इंग्रजीत एकच नाव आहे, ते या सुकाणूमुळे.

आता हिरवळीच्या यंत्राकडे वळू. याचा जन्म बागेत झाला नाही. तो कापडाच्या गिरणीत झाला. इंग्लंडच्या ग्लॉस्टरशर परगण्यात स्ट्राउडच्या आसपास लोकरी कापडाच्या गिरण्या होत्या. लोकरी कापडावर उठलेली लव सारखी कातरण्यासाठी तिथे फिरत्या पात्यांचे यंत्र वापरीत. एडविन बडिंग या कारागिराने विचार केला की, कापडावरची लव कातरते तसे जमिनीवरचे गवत का कातरू नये? १८३० साली त्याने पेटंट घेतले. त्यात त्याने असेही सुचवले की, खेडेगावातल्या सधन गृहस्थांना हे यंत्र स्वतः चालवणे म्हणजे करमणूक आणि व्यायाम दोन्ही वाटेल. सधन गृहस्थांनी तो व्यायाम किती केला कोण जाणे. बागेचे माळीच ते ओतीव लोखंडाचे धूड ढकलीत असणार, हे सांगायला पुरावा नको. त्या यंत्राला इंजिन नव्हते, म्हणून गव्हर्नरही नव्हता. दमलेला माळी हाच त्याचा गव्हर्नर. १८९३ साली इंग्लंडात त्याला वाफेचे इंजिन बसले, आणि १९०२ साली इप्सविच येथील रॅन्सम्स कारखान्याने पेट्रोलवर चालणारे यंत्र विक्रीला आणले.

बडिंग पुढे त्याच परगण्यातल्या डर्स्ले गावी गेला आणि तिथे जॉर्ज लिस्टर यांच्याबरोबर कापड-गिरण्यांना लागणारी यंत्रे करू लागला. १८४६ साली तो तिथेच वारला. या जॉर्ज लिस्टर यांच्या मुलाने १८६७ साली जो कारखाना काढला, तोच लिस्टर इंजिनांचा कारखाना. १९३०च्या सुमारास निघालेले त्यांचे मंदगती डिझेल इंजिन मिनिटाला ६०० ते ६५० फेऱ्यांनी चाले. हिंदुस्थानात त्याने विहिरी, पिठाच्या गिरण्या आणि गुऱ्हाळे व्यापून टाकली, आणि राजकोटच्या कारखान्यांनी त्याच्या नमुन्यावर वर्षानुवर्षे इंजिने ओतली. इकडे महाराष्ट्रात सातारा रोडच्या कूपर कारखान्याने १९३०च्या दशकात डिझेल इंजिने बांधली. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली माळावर किर्लोस्करवाडी वसवली होती. त्यांच्या उद्योगातून १९४६ साली पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी उभी राहिली. मराठवाड्याच्या विहिरींवर मोटेचा करकर आवाज थांबून इंजिनाचा ठोका ऐकू येऊ लागला, तो या कारखान्यांमुळे. म्हणजे हिरवळीचे यंत्र आणि विहिरीवरचे इंजिन ही एकाच गावची, जवळजवळ एकाच घरची भावंडे आहेत.

इंजिन लहान झाले तसा गव्हर्नरही लहान झाला. वॅटचे गोळे माणसाच्या डोक्याएवढे होते; आजच्या लहान पेट्रोल इंजिनात ते सुपारीएवढी वजने होऊन तेलाच्या टाकीत दातेरी चाकावर बसतात. त्यांचा जोर एका दांडीने बाहेर येतो आणि कार्बोरेटरचा पडदा मिटू पाहतो. उलट बाजूने एक स्प्रिंग तो पडदा उघडू पाहते. ही स्प्रिंग आपण हँडलवरच्या खटक्याने ताणतो. पुष्कळांचा समज असा की, खटका थेट पेट्रोल वाढवतो. तसे नाही. खटका फक्त स्प्रिंग ताणतो. म्हणजे अमुक वेग धर, एवढी आज्ञा देतो. तो वेग राखण्याचे काम वजनांचे. स्प्रिंग आणि वजने यांची ही रस्सीखेच जिथे बरोबरीत सुटते, तो इंजिनाचा वेग. काही यंत्रांत वजनांऐवजी वाऱ्याचा गव्हर्नर असतो. फ्लायव्हीलच्या पंख्याचा वारा झाकणाखालच्या एका पात्यावर आदळतो आणि ते पाते पडदा मिटते.

एवढे कळले म्हणजे रोगाचे निदान सोपे होते. इंजिन फार पळते, याचा अर्थ एकच : स्प्रिंग जिंकते आहे आणि गव्हर्नर हरतो आहे. का हरतो, ते क्रमाने पाहावे. मात्र त्याआधी इंजिन बंद करून प्लगची वायर काढून दूर ठेवावी. पात्याखाली हात घालायचा तो त्यानंतरच.

पहिली पाहणी बाहेरून. ॲक्सिलरेटरची केबल अडकली आहे काय, खटका मागे घेतला तरी ती ओढलेलीच राहते काय, हे पाहावे. पडदा हाताने हलवावा. धूळ आणि पेट्रोलचा चिकटा साचून तो उघडा अडकलेला असतो, तो साफ करताच निम्मी दुखणी बरी होतात. कमी वेगाचा स्क्रू कोणी पिळून ठेवला नाही ना, तेही पाहावे. मग गव्हर्नरपासून कार्बोरेटरपर्यंत जाणारी तार पाहावी. ती निसटली किंवा वाकली असेल तर गव्हर्नर कितीही ओढो, त्याचा हात पडद्यापर्यंत पोचतच नाही. त्यानंतर स्प्रिंग. तिला अडकवायला बहुधा दोन-तीन भोके असतात. चुकीच्या भोकात अडकवलेली किंवा दुसऱ्याच इंजिनाची जाड स्प्रिंग लावलेली असली तर वेग वाढणारच. वाऱ्याचा गव्हर्नर असेल तर झाकणाखाली अडकलेले गवत काढावे. यंत्राने कापलेले गवतच वाऱ्याची वाट अडवते, वारा कमी पडतो, आणि इंजिनाला वाटते की आपण हळू चाललो आहोत. म्हणून ते आणखी पळते.

दुसरी पाहणी गव्हर्नरच्या दांडीची. ती ज्या दांड्यावर पकडीने बसवलेली असते तिथला नट सैल झाला, तर आतली वजने फिरतात पण बाहेरची दांडी हलत नाही. अशा वेळी नट सैल करून पडदा पूर्ण उघडा धरावा. त्यासाठी दांडी ज्या दिशेने फिरली त्याच दिशेने आतला दांडा शेवटपर्यंत फिरवावा, आणि तिथे नट पक्का करावा. एवढे करूनही वेग आवरला नाही, तर आतले दातेरी चाक तुटले असल्याचा संशय घ्यावा आणि इंजिन उघडावे.

तिसरी गोष्ट झोक्यांची. इंजिन नुसते पळत नसून वरखाली झोके घेत असेल, तर मॅक्सवेलचे गणित आठवावे. गव्हर्नर मेलेला नाही. तो धडपडतो आहे, पण त्याला नीट खुराक मिळत नाही. बहुधा कार्बोरेटरच्या पॅकिंगमधून फाजील हवा शिरत असते किंवा जेटमध्ये कचरा असतो. डिझेल इंजिनात रोग निराळे रूप घेतो. तिथे गव्हर्नर पंपाचा रॅक हलवतो. तो जाम झाला की इंजिन सुटते. क्वचित ते स्वतःचे वंगणाचे तेल ओढून त्यावरच पळते, मग तेलाचा नळ बंद करूनही थांबत नाही. तेव्हा हवेची वाट बंद करणे हाच उपाय. आणि तो करताना फ्लायव्हीलच्या रेषेत उभे राहू नये. शेवटी, वेग किती आहे याचा अंदाज कानाने घ्यावा, परंतु निकाल टॅकोमीटरने द्यावा. २१ इंची पात्याचे टोक मिनिटाला ३,००० फेऱ्यांना सुमारे १६,५०० फूट अंतर कापते, म्हणजे ताशी ३०० किलोमीटर. अमेरिकेत या टोकाला मिनिटाला १९,००० फुटांची मर्यादा घातली गेली. इंजिन ४,००० फेऱ्यांवर गेले तर ते टोक २२,००० फुटांवर जाते. त्या वेगाने उडालेला खडा मिस्त्री आणि मालक असा भेद करीत नाही. खांद्यावर अडकवायच्या गवत कापणीयंत्रात तर बहुधा गव्हर्नरच नसतो. चालवणाऱ्याचा अंगठा हाच तिथे गव्हर्नर. म्हणून दोरी किंवा पाते काढून ते मोकळे पळवू नये.

येथवर रोग आपोआप होतो असे आम्ही बोललो. पण आमच्या अनुभवात गव्हर्नर बिघडतो त्यापेक्षा अधिक वेळा तो बिघडवला जातो. मळणीच्या दिवसांत कोणत्याही गावाच्या खळ्यावर जाऊन पाहावे. मळणीचा दर पोत्यामागे ठरतो. जितकी पोती अधिक, तितकी कमाई अधिक. आणि पुढच्या शेतकऱ्याचा निरोप आलेला असतो. मग कोणीतरी गव्हर्नरच्या दांडीला सुतळी बांधतो, स्प्रिंग पुढच्या भोकात घालतो, किंवा दोन स्प्रिंगा एकत्र जोडतो. इंजिनाचा आवाज चढतो, भुसा लांब उडतो, आणि सगळ्यांना वाटते, काम कसे झपाट्याने चालले आहे. थ्रेशरच्या तोंडात पेंढ्या सारणाऱ्या मजुराचे हात मात्र तेच राहतात. इंजिनाचा वेग सुतळीने वाढतो, त्याच्या हातांचा वाढत नाही. आत ओढ वाढलेली असते आणि मागे सरायला वेळ कमी उरलेला असतो. थ्रेशरमध्ये हात गमावलेली माणसे या देशात इतकी झाली की, संसदेला १९८३ साली धोकादायक यंत्रांच्या नियमनाचा कायदा करावा लागला. शेतीतली मळणीयंत्रे डोळ्यांपुढे ठेवून केलेला, यंत्राची सुरक्षितता आणि अपघातग्रस्ताची भरपाई यांविषयीचा हा कायदा आहे. कायद्याचे पुस्तक कपाटात असते आणि सुतळी खळ्यावर असते, हे दुःख निराळे.

या सुतळीचा इतिहासही जुना आहे. मुंबईची पहिली कापडगिरणी १८५६ साली सुरू झाली, तेव्हा तिच्या इंजिनघरात गव्हर्नर होता. तो असणे भागच होते; कारण शाफ्टचा वेग डळमळला की धागा तुटतो आणि मालकाचे नुकसान होते. इंजिनाला मर्यादा होती. इंजिनापुढे उभ्या असलेल्या माणसाच्या दिवसाला मर्यादा नव्हती. हिंदुस्थानचा पहिला फॅक्टरी कायदा १८८१ सालचा. त्याने फक्त मुलांचे तास बांधले. जे कारखाने वर्षातून चार महिन्यांहून कमी चालत ते त्यातून सुटले, म्हणजे हंगामी जिने पुष्कळशी मोकळीच राहिली. खानदेशातल्या जिनांत पहाटे चार-पाचला इंजिन सुरू होई आणि रात्रीच थांबे, अशा साक्षी त्याच दशकातल्या सरकारी चौकशीत नोंदल्या गेल्या. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन सरकारी आयोगापुढे ठेवले. आठवड्याची सुटी आणि दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती ही त्यातली मागणी. आठवड्याची सुटी मिळाली ती १० जून १८९० रोजी. पुढे गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि सूर्य मावळला तरी काम चालू राहू लागले. सूर्यास्त हा कामगाराचा एकमेव गव्हर्नर होता. तोही दिव्यांनी काढून घेतला. पुरुष कामगाराच्या दिवसाला कायद्याची पहिली मर्यादा १९११ साली आली, तीही कापडगिरण्यांपुरती आणि १२ तासांची. १९२२ साली दिवसाचे ११ आणि आठवड्याचे ६० तास झाले, १९३४ साली बारमाही कारखान्यांत १० आणि ५४, आणि १९४८ च्या कायद्याने दिवसाचे ९ व आठवड्याचे ४८. आपला मराठवाडा तर तेव्हा निजामी राज्यात. ब्रिटिश हिंदुस्थानातले कायदे येथे आपोआप लागू होत नसत. मनमाड-हैदराबाद रेल्वे १९००च्या सुमारास आली, तिच्या मागोमाग सेलू, मानवत, परभणीकडे जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने आले. इंजिनाबरोबर गव्हर्नर आला. माणसाच्या दिवसाचा कायदा मागे राहिला.

हिशेब करून पाहावा. इंजिनाला लगाम मिळाला १७८८ साली. आपल्या देशातल्या गिरणीकामगार पुरुषाला तो मिळाला १९११ साली. मध्ये १२३ वर्षे गेली. इंजिन फुटले तर मालकाची मिळकत जाते, म्हणून त्याचा लगाम लवकर सापडला. माणूस मोडला तर दारात दुसरा उभा असतो, म्हणून त्याचा लगाम संपांनी, सभांनी आणि सह्यांनी एकेक तास करून बांधावा लागला. आणि बांधलेला लगाम कायम राहतो असेही नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कारखान्यांतल्या दिवसाची कमाल मर्यादा ९ तासांवरून १२ तासांवर नेण्यास मान्यता दिली. कामगाराची संमती घ्यावी, जादा तासांचा मोबदला द्यावा, अशा अटी त्यात आहेत, हे सांगणे न्यायाचे होईल. परंतु ज्याच्या दारात दुसरा उमेदवार उभा आहे, त्याची संमती किती मोकळी असते, हे कारखान्याच्या फाटकापाशी उभे राहिलेल्या माणसाला विचारावे.

कोणी म्हणेल, वेग वाढवल्याशिवाय देश पुढे कसा जाईल? आमचा वेगाला विरोध नाही. गव्हर्नर म्हणजे ब्रेक नव्हे, ही गोष्ट ध्यानात घ्यावी. भार वाढला की तोच पडदा उघडून इंजिनाला बळ देतो, आणि भार उतरला की तोच त्याला आवरतो. ज्या इंजिनाचा गव्हर्नर नीट आहे ते वर्षानुवर्षे काम देते. ज्याला सुतळी बांधली ते एका हंगामात कनेक्टिंग रॉड तोडून बसते, आणि मग त्या हंगामाची जादा पोती दुरुस्तीच्या बिलात जातात. मराठवाड्यात पन्नास-पन्नास वर्षे चाललेली जुनी इंजिने आहेत. ती सगळी सहाशे-साडेसहाशे फेऱ्यांच्या मर्यादेत राहिली म्हणून टिकली.

तेव्हा तरुण कारागिरांना आमचे सांगणे एवढेच. दुरुस्ती झाल्यावर इंजिन सुरू करा, भार द्या आणि एकदम काढा. वेग थोडा चढून लगेच जागेवर आला तर तुमचे काम चोख झाले. चढतच राहिला तर तिथून हलू नका; मालक घाई करो, गिऱ्हाईक रागावो, ते यंत्र तसे कोणाच्या हाती देऊ नका. आणि फार पळणारे इंजिन तुमच्यापुढे आले, तर स्प्रिंग कोणत्या भोकात आहे हे आधी पाहा. आणि ती तिथे कोणी अडकवली, हेही विचारायला विसरू नका.